कुणाच्या दारात जायचं? पहिल्यांदा सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी यादृच्छिक नमुन्याची वाट

“मॅडम, आम्ही रँडमली शंभर जणांना विचारलं.”

प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत हे वाक्य दरवर्षी कानावर येतं. कुठे विचारलं, असं पुढे विचारलं की कळतं: साताऱ्याच्या एसटी स्टँडवर, पोवई नाक्यावर, कॉलेजच्या कँटीनमध्ये आणि उरलेल्यांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉर्म टाकून. म्हणजे जे वाटेत भेटले, ज्यांना घाई नव्हती, ज्यांच्या हातात स्मार्टफोन होता आणि ज्यांना उत्तर द्यावंसं वाटलं, ते शंभर. मुलांनी उन्हातान्हात कष्ट केलेले असतात, माहितीत खोटं काही नसतं. तरीही त्या शंभरांवरून सातारा जिल्ह्याबद्दल एक वाक्यसुद्धा छातीठोकपणे बोलता येत नाही. हे त्यांना वर्ष संपताना कळतं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून हा लेख घराबाहेर पडण्याआधी वाचा.

बोलण्यात ‘रँडम’ म्हणजे कसंही, मनाला येईल तसं. संख्याशास्त्रात रँडमला यादृच्छिक म्हणतात आणि त्याचा अर्थ याच्या नेमकं उलट असतो. तिथे मनाला येईल तसं निवडायची मुभाच काढून घेतलेली असते. ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे त्या सगळ्यांना मिळून समष्टी म्हणतात आणि त्यांतून निवडलेल्यांना नमुना. समष्टीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी असली पाहिजे, ती किती हे आधी सांगता आलं पाहिजे, आणि नाव कुणाचं निघणार हे चिठ्ठीने ठरवलं पाहिजे. तुम्ही ठरवायचं नाही, सरपंचांनी नाही आणि वाट दाखवायला बरोबर आलेल्या ओळखीच्या मुलानेही नाही.

आपण शेवटपर्यंत एकच उदाहरण धरू. समजा, खटाव तालुक्यातलं १,२४० कुटुंबांचं एक गाव आहे आणि तुम्हाला तिथल्या उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दल सर्वेक्षण करायचं आहे.

खटाव मी मुद्दाम घेतलं. याच तालुक्यातल्या बुध गावी २७ जुलै १९११ रोजी संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते लंडनला गेले. संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन यांनी थरवार (म्हणजे समष्टीचे भाग पाडून प्रत्येक भागातून) यादृच्छिक निवडीची गणिती बाजू १९३४ साली मांडली. सुखात्मे त्याच काळात तिथे त्या विषयावर काम करत होते. परत आल्यावर त्यांनी देशातल्या पिकांच्या उत्पादनाचा अंदाज यादृच्छिक नमुन्यावर आणण्याचं काम केलं. त्याआधी आणेवारी होती: अधिकारी बांधावर उभा राहायचा, पिकावर नजर टाकायचा आणि इतके आणे पीक आहे असं सांगायचा. पुढे १९५१ पासून सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचं काम पाहत होते. १९७१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. बुधच्या फाट्यावरून जाताना गाडीतल्या मुलांना मी हे सांगतेच. जगभर शिकवल्या जाणाऱ्या या विषयातला एक मोठा माणूस आपल्याच दुष्काळी पट्ट्यातला आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असलं पाहिजे.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘गावातील पाण्याच्या परिस्थितीचा अभ्यास करणे’ या वाक्यातून नमुना निघत नाही. असं लिहा: ‘गेल्या मार्च ते मे या काळात या गावातल्या किती टक्के कुटुंबांना घरगुती वापराचं पाणी निदान एकदा विकत घ्यावं लागलं?’ आता काळ ठरला, जागा ठरली आणि कुणाला मोजायचं तेही ठरलं: कुटुंबाला.

पण कुटुंब म्हणजे काय? एका वाड्यात तीन भाऊ, सामाईक अंगण, तीन स्वयंपाकघरं. हे एक कुटुंब की तीन? मी ‘एक चूल, एक कुटुंब’ ही व्याख्या वापरते, कारण गावात ती कुणालाही समजते. तुमची व्याख्या वेगळी असली तरी चालेल. फक्त ती आधी लिहिलेली हवी आणि गटातल्या सगळ्यांनी तीच वापरायला हवी. दोन मुलं एका वाड्यात तीन कुटुंबं मोजतात आणि दोन मुलं शेजारच्या वाड्यात एक मोजतात, असं झालं की पुढचं कुठलंही गणित ते दुरुस्त करू शकत नाही.

दुसरी पायरी: यादी

खरं काम इथे आहे. चिठ्ठ्या काढायला दहा मिनिटं लागतात, यादी करायला आठवडा लागतो. नवख्यांना हा आठवडा वाया गेल्यासारखा वाटतो आणि नेमका तोच ते वाचवायला बघतात.

सगळ्यात सहज हाती लागते ती मतदार यादी. तिच्यात अठरा वर्षांवरची माणसं असतात, कुटुंबं नसतात. तिच्यातून नावं काढली तर सहा मतदारांच्या घराला दोघांच्या घरापेक्षा तिप्पट संधी मिळते. शिवाय पाटण-जावळीकडच्या गावांत यादीतली किती तरी नावं प्रत्यक्षात मुंबईत असतात. मतदानाला आणि जत्रेला माणूस येतो, पाणी मात्र तिकडचं पितो.

ग्रामपंचायतीचा नमुना नंबर ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंद, ही जास्त उपयोगाची. पण ती मालमत्तेची यादी आहे. तिच्यात दुकानाचा गाळा असतो आणि दहा वर्षं कुलूप असलेलं घरही असतं. उलट वर सांगितलेल्या वाड्याची एकच नोंद असू शकते. रेशन कार्डांच्या यादीतही हीच अडचण आहे: भाऊ वेगळे झाले तरी कार्ड बापाच्या नावावर एकच राहतं.

मग करायचं काय? नमुना ८ ची प्रत पाया म्हणून घ्या आणि आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला भेटा. कुठल्या घरात कोण राहतं, कोण परगावी आहे, कुठलं बाळ कुणाचं, हे त्यांच्या वहीत असतं. वहीत नसलं तर डोक्यात असतं. त्यांच्याबरोबर बसून एकेक नोंद तपासा. बंद घर खोडा, तीन चुलींच्या वाड्याच्या तीन ओळी करा. मग गावातून एक फेरी मारा आणि वस्त्यांवरही जा. “तिकडं कशाला जाताय, दोनच घरं हायती तिथं,” असं कुणी म्हटलं की तिकडे नक्की जा. यादीतून गळतात ती अशीच दोन-दोन घरं, आणि पाण्याचे हाल बहुतेक वेळा त्यांचेच जास्त असतात.

एक गट मात्र कुठल्याच यादीत नसतो. दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत माळावर, ओढ्याकाठी कोप्या घालून राहतात. तुमच्या प्रश्नाचा काळ मार्चपासून सुरू होतो. त्यांना धरायचं की नाही? दोन्ही उत्तरं चालतील. धरायचं असेल तर कोप्यांची वेगळी मोजणी करा. धरायचं नसेल तर अहवालात तसं स्पष्ट लिहा. न बोलता वगळणं तेवढं चालणार नाही.

यादी झाली की प्रत्येक कुटुंबाला क्रमांक द्या. यापुढे ती यादी बदलायची नाही.

तिसरी पायरी: थर पाडायचे का?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातल्या प्रत्येक शिताला सारखीच आच लागलेली असते. गावजेवणाच्या मोठ्या भांड्यात तसं होत नाही. आचारी तिथे तळातून, कडेने आणि मधून अशी तीन ठिकाणची शितं दाबून बघतो. सातारा जिल्हा म्हणजे तसलंच भांडं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटरवरच्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. अशा जिल्ह्यातून साधी चिठ्ठी काढली तर योगायोगाने बरीचशी गावं पश्चिमेचीच येऊ शकतात. म्हणून आधी सारख्या-सारख्या भागांचे थर पाडायचे आणि प्रत्येक थरातून वेगळ्या चिठ्ठ्या काढायच्या. याला स्तरित नमुना म्हणतात.

आपल्या गावातही थर आहेत. समजा गावठाणात ७०० कुटुंबं आहेत, नळ आहे. मोठ्या वस्त्यांवर ४०० आहेत, तिथे नळ अर्धवट पोचलाय. मळ्यांत विखुरलेली १४० आहेत, ती विहिरीवर अवलंबून. पाण्याच्या प्रश्नासाठी हे तीन थर अर्थपूर्ण आहेत. मोबाइल कुठल्या कंपनीचा असा प्रश्न असता तर हे थर पाडून काही हाती लागलं नसतं. थर प्रश्नाला धरून पाडायचे.

चौथी पायरी: किती?

सगळ्यांना हवा असतो तो आकडा. कित्येक जण ‘समष्टीच्या दहा टक्के’ हा ऐकीव नियम घेऊन येतात. त्याला आधार नाही. अंदाजाची अचूकता मुख्यतः नमुन्यात किती जण आहेत यावर ठरते, ते समष्टीचे किती टक्के आहेत यावर फारशी ठरत नाही.

टक्केवारीच्या प्रश्नासाठी साधा हिशेब असा: १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले चालेल त्या चुकीचा वर्ग. १.९६ हा आकडा ९५ टक्के खात्रीसाठी आहे. ०.५ अशासाठी की खरी टक्केवारी आपल्याला आधी माहीत नसते आणि ५० टक्के धरलं की नमुना सगळ्यात मोठा, म्हणजे सुरक्षित येतो. पाच टक्क्यांची, म्हणजे ०.०५ ची, चूक चालणार असेल तर उत्तर ३८४ येतं. तीन टक्के हवी असेल तर १,०६७ च्या आसपास, आणि दहा चालत असेल तर ९६ पुरतात. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ होती. एवढ्या जिल्ह्यासाठीही साध्या यादृच्छिक निवडीने ३८४ च लागतात, हे पचायला वेळ लागतो. मलाही लागला होता.

समष्टी लहान असेल तर मात्र सूट मिळते. ३८४ ला भागा: १ अधिक (३८३ भागिले १,२४०), म्हणजे १.३०९. उत्तर २९४. गावासाठी २९४ कुटुंबं पुरेत. ती थरांच्या प्रमाणात वाटली की गावठाणातून १६६, वस्त्यांवरून ९५ आणि मळ्यांतून ३३.

आकडा मोठा असला की नमुना चांगला, असं मात्र समजू नका. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि २० लाखांहून जास्त परत आल्या. त्यावरून त्यांनी रूझवेल्ट यांच्या विरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारमालकांच्या नोंदी यांसारख्या याद्यांतून घेतली होती, मंदीच्या काळात, म्हणजे ऐपत असलेल्यांचीच जास्त. त्यातही ज्यांना उत्तर द्यायचं होतं त्यांनीच दिलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरवताना या २० लाखांची आठवण ठेवा.

पाचवी पायरी: चिठ्ठी काढा

जत्रेच्या पावतीची सोडत काढतो तशा कागदाच्या चिठ्ठ्या चालतात, पण त्या खरोखर ढवळाव्या लागतात. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत झाली. ३६६ कुप्या महिन्यामहिन्याने भरल्या गेल्या आणि नीट मिसळल्या गेल्या नाहीत. परिणाम असा की वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचे नंबर प्रमाणाबाहेर आधी लागले. कमी ढवळण्याची किंमत काही मुलांनी युद्धावर जाऊन मोजली.

दुसरा मार्ग यादृच्छिक अंकांच्या तक्त्याचा. असा पहिला छापील तक्ता टिपेट यांनी १९२७ साली काढला. त्यात ४१,६०० अंक होते आणि ते जनगणनेच्या अहवालांतल्या आकड्यांतून घेतले होते. आजही संख्याशास्त्राच्या पुस्तकाच्या शेवटी तक्ता असतो. गावठाणात ७०० कुटुंबं आहेत, म्हणून तीन-तीन अंक वाचायचे. समजा ओळीत आहे: ४१७, ८८२, ०९०, ७३६, ४१७, ०००, ६३२. घ्यायचे फक्त ४१७, ९० आणि ६३२. सातशेवरचे आणि शून्य सोडायचे, दुसऱ्यांदा आलेला ४१७ ही सोडायचा. “८८२ वाया कशाला घालवायचा, सातशे वजा करून १८२ घेऊ,” असं हुशार मुलं हमखास म्हणतात. तसं करू नका. मग १ ते २९९ क्रमांकांच्या घरांना दोन वाटांनी संधी मिळते आणि बाकीच्यांना एकाच वाटेने.

एक्सेल किंवा गूगल शीटवर काम सोपं होतं. गावठाणाच्या यादीच्या शेजारच्या रकान्यात ‘रँड’ हे फंक्शन सगळ्या ओळींना द्या, तो रकाना कॉपी करून फक्त किमती पेस्ट करा, मग त्याच्या चढत्या क्रमाने यादी लावा. पहिली १६६ घरं तुमची. किमती पेस्ट करायला विसरू नका, कारण शीटमध्ये काहीही बदललं की ते फंक्शन आकडे नव्याने काढतं आणि आधीची निवड हरवते. सोडत एकदाच काढायची. निघालेली यादी पाहून “यात वरच्या आळीतलं एकपण घर नाही, परत काढू” असं केलंत, तर निवड पुन्हा तुमच्या मनावर गेली. वरच्या आळीची एवढी काळजी असेल तर तिचा थर आधीच पाडायला हवा होता.

थोडक्यात आणखी एक रीत: दर चौथं घर. १ ते ४ मधून एक चिठ्ठी काढायची, समजा ३ आली, मग ३, ७, ११, १५ असं जायचं. याला पद्धतशीर नमुना म्हणतात. गावठाणात सलग घरं असतील तर हे फार सोयीचं. धोका फक्त ठरावीक अंतराने काही पुन्हा-पुन्हा येत असेल तर. दूध संकलन केंद्राच्या वहीतून दर सातवा दिवस घेतलात तर वर्षभर एकच वार हाती येईल, आणि तो आठवडी बाजाराचा निघाला तर सगळंच वाकडं होईल.

यादी होणं शक्यच नसेल तर जागेलाच यादी करता येतं. पीक कापणी प्रयोग तसाच चालतो. शेताची लांबी-रुंदी पावलांनी मोजायची आणि त्यातून प्लॉटची लांबी-रुंदी वजा करायची, म्हणजे प्लॉट बांधाबाहेर जात नाही. मग दोन यादृच्छिक आकडे काढायचे. नैर्ऋत्य कोपऱ्यातून तेवढी पावलं लांबीत आणि तेवढी रुंदीत चालायचं आणि तिथे खुंटी ठोकायची. बऱ्याच पिकांसाठी प्लॉट १० मीटर बाय ५ मीटरचा असतो. आकड्यांशिवाय सोडलं तर पाय आपोआप चांगल्या पिकाकडे वळतात. नुकसानभरपाईचा विषय असला की वाईटाकडे वळतात. कुणाचा हेतू वाईट असतो असं नाही, पायांना तशी सवय असते.

इथे सुखात्म्यांचं एक म्हणणं लक्षात ठेवण्यासारखं आहे. प्लॉट किती मोठा असावा यावर चाळीसच्या दशकात त्यांचा आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा मतभेद होता. महालनोबिस बंगालमध्ये छोटे प्लॉट वापरत. छोट्या प्लॉटमधून उत्पादन फुगून येतं, असं सुखात्म्यांनी मोजून दाखवलं. कडेवरचं पिकाचं ताट आत की बाहेर, असा प्रश्न आला की कापणारा ते आत धरतो. १० बाय ५ च्या प्लॉटला ५० चौरस मीटरमागे ३० मीटर कड असते, म्हणजे चौरस मीटरमागे ०.६ मीटर. एक मीटरच्या चौकोनाला एका चौरस मीटरमागे ४ मीटर कड. जितकी कड जास्त तितकी ही चूक जास्त, आणि ती प्रत्येक प्लॉटमध्ये एकाच बाजूला होते. निवड कितीही निर्दोष असली आणि प्लॉट हजार घेतले तरी ती निघून जात नाही.

सहावी पायरी: त्या दारात जा

माझी स्वतःची एक चूक सांगते. शिकत असताना कोरेगाव भागात एका संस्थेसाठी शेतमजुरीचं सर्वेक्षण करायला आम्ही गेलो होतो. नमुना व्यवस्थित काढलेला होता. सूचना अशी होती की घराला कुलूप असेल तर शेजारचं घर घ्या. आम्ही सकाळी अकराला पोचायचो आणि चारच्या गाडीने परत. कुलपं पुष्कळ भेटली, शेजारची घरं आम्ही आनंदाने घेतली आणि अर्ज भराभर भरले. गावात मजुरीवर जगणारी कुटुंबं फारच थोडी आहेत असा निष्कर्ष निघाला. मजूर मजुरीला गेले होते. ज्यांच्याबद्दल विचारायला गेलो त्यांनाच आम्ही दारावरून वगळलं होतं. त्या निष्कर्षावर पुढे काही ठरलं का, हे मला माहीत नाही, पण ते मनातून जात नाही.

तेव्हापासून माझा नियम असा की बदली घर नाही. कुलूप असेल तर पुन्हा जायचं, निदान तीन वेळा, तीन वेगळ्या वेळांना. एकदा संध्याकाळी दिवेलागणीला आणि एकदा रविवारी. “त्यो कारखान्यावर गेलाय, सांजच्याला येतोय,” असं शेजारीण सांगते तेव्हा ती वेळ वहीत लिहायची. तिसऱ्यांदाही भेट झाली नाही तर ‘भेट झाली नाही’ अशी नोंद करायची. नकार आला तर ‘नकार’. या दोन नोंदी उत्तरांइतक्याच मोलाच्या आहेत.

घरात गेल्यावर पुन्हा निवड असते: बोलायचं कुणाशी? दारात बहुतेक वेळा कर्ता पुरुष पुढे येतो. पाणी कधी विकत घेतलं आणि किती रुपयांना, हे मात्र हंडा भरणाऱ्या बाईला ठाऊक असतं. घराबद्दलची माहिती हवी असेल तर ज्याला ती माहीत आहे त्याला विचारा. मत हवं असेल तर घरातल्या प्रौढांना वयाच्या क्रमाने नंबर द्या आणि चिठ्ठी काढा. लेस्ली किश यांनी यासाठी १९४९ साली एक तक्ता दिला, तो अजून वापरात आहे. सहा प्रौढांच्या घरातल्या माणसाला निवडीची संधी सहात एक असते, म्हणून पुढे हिशेबात त्याच्या मताचं वजन सहापट धरावं लागतं.

जिल्ह्याएवढं काम असेल तर

एकट्याने जिल्ह्यातली कुटुंबं चिठ्ठीने काढलीत तर एक घर फलटणला, दुसरं कोयनेच्या पलीकडे असं होईल. म्हणून आधी गावं काढतात, मग गावातली घरं. शिक्षणाच्या ‘असर’ सर्वेक्षणात जिल्ह्यातली ३० गावं आणि प्रत्येक गावातली २० घरं घेतात. गावं काढताना प्रत्येक गावाला त्याच्या आकाराच्या प्रमाणात संधी द्यायची आणि गावातून मात्र सारखीच घरं घ्यायची. मग हिशेब जुळतो आणि प्रत्येक घराची संधी जवळपास सारखी होते.

इथे एक गोष्ट सांभाळा. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. ती किती सारखी आहेत हे ० ते १ मधल्या आकड्याने मोजतात. तो ०.१ असेल आणि गावात २० घरं घेतली, तर १ अधिक (१९ गुणिले ०.१) म्हणजे २.९ पट किंमत मोजावी लागते. ६०० घरं विचारूनही माहिती साधारण २०७ सुट्या घरांएवढीच मिळते. पाण्याच्या प्रश्नात हा आकडा आणखी वर जातो, कारण टँकर येतो तो सगळ्या गावाला येतो. अशा वेळी घरं कमी करून गावं वाढवा. एसटीचा खर्च वाढेल, पण तो सत्कारणी लागतो.

शेवटी हिशेब

समजा २९४ पैकी २७१ कुटुंबं भेटली आणि १०९ जणांनी पाणी विकत घेतल्याचं सांगितलं. १०९ भागिले २७१ म्हणजे ४०.२ टक्के. चुकीची मर्यादा अशी काढा: ०.४०२ गुणिले ०.५९८, भागिले २७१, त्याचं वर्गमूळ ०.०२९८. गाव लहान आहे म्हणून त्याला ०.८८४ ने गुणा (९६९ भागिले १,२३९ याचं वर्गमूळ). मग १.९६ ने गुणा. उत्तर साधारण ५.२ टक्के. म्हणजे ३५ ते ४५ टक्के, कुटुंबांच्या आकड्यात साधारण ४३५ ते ५६३ च्या मधे. थरांमध्ये भेट न झालेल्यांचं प्रमाण बरंच वेगळं असेल तर प्रत्येक थराची टक्केवारी वेगळी काढा आणि मग ७००, ४००, १४० या प्रमाणात एकत्र करा.

न भेटलेल्या २३ कुटुंबांचं काय? ती सगळी पाणी विकत घेणारी निघाली असती तर १३२ भागिले २९४, म्हणजे ४४.९ टक्के. एकही नसती तर ३७.१ टक्के. दोन्ही आकडे मुख्य आकड्याच्या शेजारी द्या.

अहवालातला परिच्छेद साधारण असा असू द्या: ‘ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून व अंगणवाडी सेविकेच्या मदतीने गावात फिरून १,२४० कुटुंबांची यादी केली. ऊसतोड कामगारांच्या कोप्या यात नाहीत. गावठाण, वस्त्या व मळे असे तीन थर पाडून अनुक्रमे १६६, ९५ व ३३ कुटुंबं संगणकावर यादृच्छिक क्रमांक देऊन निवडली. बदली कुटुंब घेतलं नाही. तीन भेटींनंतर २७१ कुटुंबांची माहिती मिळाली, १७ कुटुंबं भेटली नाहीत, ६ कुटुंबांनी नकार दिला.’ आणि सोडतीचा मूळ कागद, तारखेसह, शेवटी टाचा.